दिवस निभावतो, पण स्लॅबखालची रात्र कशी काढावी?

टिळकवाडीची सून

आम्ही बेळगावात टिळकवाडीला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि झोपायची खोली पश्चिमेला आहे. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या आपल्या गावाला पूर्वी 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत असत, पण एप्रिलमध्ये आमच्या खोलीत बसून हे कोणाला पटणार नाही. रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर घाटाकडचा वारा सुखद वाहत असतो आणि त्याच वेळी खाली खोलीत छताकडून झळ येत असते. सासूबाई ७८ वर्षांच्या असून गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता येत नाही, त्यामुळे गच्चीवर झोपण्याचा मार्ग बंद आहे.

एसी बसवायला घरमालकांची संमती नाही. शिवाय महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला, तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतली मोफत विजेची सवलत जाऊन पूर्ण बिल भरावे लागते. गेल्या वर्षी कूलर घेतला, पण मे महिन्यात त्याने गारव्याऐवजी अंथरूण तेवढे ओलसर केले. गच्चीवर रोज पाणी मारावे, तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मोजणी करावी लागते. खर्च बेताचा आणि भाड्याच्या घरात करता येण्याजोगा असा काही उपाय आहे का?

निवृत्त ओव्हरसियर, शहापूर

ताई, तुमच्या प्रश्नातच त्याचे कारण आहे. चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, परंतु ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला तीन-चार तास लागतात. त्यामुळे दुपारी दोन-तीनच्या उन्हाचा हिशेब तुम्हाला संध्याकाळी सहा-सातनंतर चुकता करावा लागतो आणि तो मध्यरात्रीपर्यंत चालतो. एकदा तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारण्यापेक्षा तो मुळात तापू न देणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि त्याला पाणीही लागत नाही.

यासाठी गच्चीला चुना लावावा. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवून लावतो, तर उघडे, काळवंडलेले काँक्रीट ते शोषून घेते. कळीचा चुना पाण्यात पूर्ण विरवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल मिसळावा आणि आधी झाडून धुतलेल्या गच्चीवर दोन हात द्यावेत. फेविकॉल वगळला, तर पहिल्याच वळवाच्या सरीत अर्धा चुना पन्हाळीतून वाहून जातो. चुना विरताना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा करतो, म्हणून चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये. घरातल्या मुलांना तर त्या बादलीजवळ येऊच देऊ नये. पुढे धूळ साचली की पांढरेपणाचा गुण कमी होतो, तेव्हा अधूनमधून झाडू फिरवावा लागेल. घरमालकांना विचारताना रंगकाम म्हणून नव्हे, तर स्लॅबच्या रक्षणासाठी म्हणून विचारावे; त्या निमित्ताने भेगाही दिसतात आणि पावसाळ्यापूर्वी त्या बुजवता येतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पश्चिमेची खिडकी दिवसा बंद ठेवून तिला बाहेरच्या बाजूने जाड पडदा किंवा बांबूची चटई लावावी. पडदा आत लावला तर काच तापून उष्णता खोलीत आलेलीच असते. सूर्य मावळल्यावर तीच खिडकी पूर्ण उघडावी, आणि घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवावा. तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि पश्चिमेचा गार वारा आपसूक आत ओढला जातो. छताचा पंखा या वेळी फारसा कामाचा नाही, कारण तो स्लॅबलगतचीच तापलेली हवा खाली आणतो.

खानापूरकर

आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे. वर माळा आहे आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून खालची खोली रात्री लवकर निवते. माळ्याशिवाय नुसती कौले असती, तर दुपारी आम्हीही तापलोच असतो. लोकांनी कौले काढून स्लॅब टाकले ते माकडे आणि गळती यांना कंटाळून, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. भाड्याच्या घरात कौले कोठून आणणार? पण गच्चीवर बांबूच्या आधारावर शेडनेट ताणून स्लॅब आणि जाळी यांच्यामध्ये हात-दीड हात मोकळी जागा ठेवली, तर माळ्यासारखाच उपयोग होतो. जाळी मात्र घट्ट बांधावी, कारण वळवाचा वारा ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेऊन टाकतो.

अथणीकर

कूलरला सरसकट दोष देऊ नये. आमच्याकडे हवा कोरडी असते, म्हणून कूलर उत्तम चालतो. हवेत आधीच दमटपणा असेल, तर पाण्याची वाफ होत नाही आणि गारवाही येत नाही. बेळगावात मार्चच्या कोरड्या दुपारी तो वापरावा आणि वळीव सुरू झाल्यावर बंद ठेवावा. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो लावू नये, हे तर सर्वत्रच लागू आहे.

दवाखान्यातील परिचारिका, वडगाव

मला सासूबाईंबद्दल लिहावेसे वाटते, कारण उतारवयात तहान कमी लागते आणि पाणी कमी प्यायल्याचे त्यांना स्वतःला कळत नाही. तहानेची वाट न पाहता दर तासाला थोडे पाणी, ताक, नाचणीची पातळ आंबील किंवा कोकमाचे सरबत द्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्यांना अशी गोळी असेल, तर मिठाचे व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. झोपण्यापूर्वी ओल्या फडक्याने मान, काखा आणि पाय पुसून पंख्याखाली बसवले, तर तांब्याभर पाण्यात बराच आराम पडतो. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर असेल, तर नुसता पंखा उलट गरम हवाच अंगावर मारतो. अंग खूप तापलेले असून बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

टिळकवाडीची सून

सर्वांची आभारी आहे. घरमालकांनी चुन्याला होकार दिला, आणि भेगा बुजवण्याचा खर्च तेच करणार आहेत. रविवारी यजमान आणि दीर मिळून गच्ची रंगवतील. पंखा मात्र कालच पूर्वेच्या खिडकीत उलटा ठेवून पाहिला. पहिला अर्धा तास काहीच जाणवले नाही आणि सासूबाईंनी "बाहेरच्यांना वारा घालतेस काय?" असे विचारले. साडेदहानंतर मात्र त्यांनी स्वतःच चादर मागितली.