म्हाताऱ्या मांजरीच्या दातांवरील कीटण

प्रश्न (देवगड): आमच्या १२ वर्षांच्या मांजरीच्या दाढांवर तपकिरी कीटण साचले आहे, तोंडाला दुर्गंधी येते आणि बांगडा खाताना ती एकाच बाजूने चावते, घरी काय करता येईल?

उत्तर (रत्नागिरी): घट्ट झालेले कीटण ब्रशने निघत नाही आणि खरवडल्यास हिरडीला इजा होते, म्हणून ते कृपया करू नका. एका बाजूने चावणे हे बहुधा दुखण्याचे लक्षण असल्याने आधी पशुवैद्यांना दाखवा. दातांची सफाई भूल देऊन करतात आणि या वयात त्यापूर्वी मूत्रपिंडांसाठी रक्ततपासणी करून घ्यावी.

उत्तर (मालवण): आमच्या बोक्याची सफाई झाल्यावर, हिरड्या बऱ्या होताच, मी बोटाला ओले सुती कापड गुंडाळून रोज दातांची बाहेरची बाजू पुसू लागले, आणि तो रुळल्यावर मांजरांची पेस्ट घेतली. माणसांची पेस्ट नकोच, कारण मांजर ती गिळते.