शाळेचं मैदान कुलपात, पोरं रस्त्यावर

मैदानी_गडी
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "शाळेचं मैदान शाळेपुरतं. बाहेरच्यांनी आपली सोय बघावी." दोनदा उत्तर लिहून खोडलं. राहवेना, म्हणून वेगळा धागा.

सोय बघावी म्हणजे काय करावं? शाळा वर्षाला जेमतेम २०० दिवस भरते, तीही सहा-सात तास. एरवी मैदानाला कुलूप. बाहेर पोरं उभ्या गाड्यांच्या मधे दगडांचे स्टंप लावून खेळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामेजेल असं खेळावं. कुठे, ते सांगत नाही. न्यूयॉर्कने २००७ साली शाळांची आवारं शाळा सुटल्यावर खुली करायला घेतली, कारण दहा मिनिटं चालून प्रत्येकाला मोकळी जागा मिळावी असं ठरवलं होतं. आम्ही भिंतीवरून उड्या मारून जायचो. पोटरीवर तारेची खूण अजून आहे.

खडू_डस्टर
कालचं लिहिणारा मीच. आम्ही वर्षभर मैदान खुलं ठेवून पाहिलंय. सोमवारी शाळा भरायच्या आधी लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू मी चाळायचो. बांधकामावरची मोठी चाळणी, कलती उभी करायची आणि फावड्याने वाळू मारायची. बाटल्यांच्या काचा, थोटकं, एकदा इंजेक्शनची सुई. मग हाताने चाचपायचं, कारण बारीक काच चाळणीतूनही निसटते. पहिल्या तासाला त्याच वाळूत चौथीची मुलं अनवाणी उडी मारणार.
आणि गोलपोस्ट? जमिनीला न बांधलेला गोलपोस्ट लोंबकळल्यावर उलटतो, मुलं दगावली आहेत त्याखाली. रविवारी तसं झालं तर जबाब कोण देणार? तुम्ही?

मैदानी_गडी
वाळूचं वाईट वाटलं, खरंच. पण काचा फोडणारे रात्रीचे, ते कुलूप असलं तरी घुसतात. माणसांची वर्दळ असली की असले लोक फिरकत नाहीत. पॅरिसमध्येही शाळांची डांबरी आवारं उखडून झाडं लावली आणि त्यातली काही शनिवारी सगळ्यांना खुली केली.

खडू_डस्टर
"वर्दळ असली की" हे वाक्य वाळू न चाळलेलाच माणूस लिहितो.

कोपऱ्यातली
काचा-बिचा राहू द्या. आमच्या शेजारचं मैदान उघडलं, पंधरा दिवस पोरंच पोरं. मग चालणारे आले. आधी कडेकडेने, नंतर चौघं-चौघं रांग धरून मधूनच. एका काकांच्या पायाला चेंडू लागला. दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी, "चेंडू खेळण्यास सक्त मनाई". शाळेच्या मैदानावर! माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मग पीटीच्या तासाला काय करायचं?"

सकाळचे_पाच_किलोमीटर
चालणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सपाट जमिनीवर चाला म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. फुटपाथवर गाड्या. परिसराला खुलं म्हणायचं आणि त्या परिसरात म्हातारे नाहीत असं समजायचं. आणि तो चेंडू टेनिसचा नव्हता, लेदरचा होता.

कोपऱ्यातली
लेदरचा होता हे तुम्हाला कसं कळलं, काका?

सकाळचे_पाच_किलोमीटर
टेनिसच्या चेंडूने कुणी पाटी लावत नाही.

कोपऱ्यातली
म्हणजे पाटी लावणारे तुमच्याच ग्रुपमधले. धन्यवाद.

बारावा_गडी
भांडू नका हो, वेळा वाटून घ्या. पहाटे चालणारे, चार ते सात मुलं.

उन्हात_सावली
"मुलं" म्हणजे मुलगेच ना? आमच्याकडे चारला मोठ्या पोरांची टीम पिच अडवते आणि मुली कडेला बसून त्यांच्या बॅगा सांभाळतात. तीन वर्षं मीच सांभाळल्यात. वाटणी करताना त्याचंही बघा.

रात्रपाळी
इथे सगळे "उघडा" म्हणताहेत. उघडणारा मी. सुटीच्या दिवशी दिवसभर गेटवर बसतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मैदान उघडं आणि संडासाला कुलूप, मग लोक भिंतीमागे जातात आणि सकाळी बोलणी मला. सात वाजता शिट्टी मारली की "पाच मिनिटं, काका". ती पाच मिनिटं साडेआठला संपतात. पॅरिसमध्ये गेटवर कोण बसतं आणि त्याला काय देतात, तेही लिहा साहेब.

मैदानी_गडी
ते मला माहीत नाही. चुकलं माझं, आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं.

खडू_डस्टर
वा, पहिली शहाणपणाची ओळ. मग लिहून घ्या. गेटवर दुसरा माणूस, पगारी. संडास खुला. अंधार पडला की बंद. गोलपोस्ट बांधलेले. आणि मैदानी_गडी यांनी दर सोमवारी सहाला वाळू चाळायला हजर राहावं. एवढं झालं तर माझी हरकत गेली चुलीत.

मैदानी_गडी
येतो. फावडं आहे ना तुमच्याकडे?

सकाळचे_पाच_किलोमीटर
सोमवारी सहाला गेट उघडणारच असेल तर आम्ही आलो तर चालेल का?