1968 चा कृष्णधवल चित्रपट: निगेटिव्ह लॅबकडे, हक्कांवर तीन दावेदार. सुरुवात कुठून करावी?

कर्वेरोडकर
चित्रपट मराठी, 35 मिमी, लांबी सव्वादोन तास. निर्मिती दोन भागीदारांच्या फर्मची, दोघेही आता हयात नाहीत. एकाचे वारस पुण्यात, दुसऱ्याचे कोल्हापुरात. पिक्चर निगेटिव्हचे 14 आणि साउंड निगेटिव्हचे 14 डबे मुंबईतल्या एका लॅबकडे पडून आहेत. लॅब म्हणते, आधी साठवणुकीची थकबाकी भरा. 1974 मध्ये एका वितरकाशी करार झालेला आहे. त्यात मुदत लिहिलेली नाही, म्हणून त्याचे वारस 'हक्क कायमचे आमचे' म्हणतात. एक ओटीटी कंपनी स्वखर्चाने रिस्टोरेशन करून द्यायला तयार आहे, पण बदल्यात सगळे हक्क कायमस्वरूपी आणि चित्र 16:9 मध्ये मागते. आधी काय हातात घ्यावं?

रीळ_नं_7
वितरकाचं सोपं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 19(5): करारात मुदत नसेल तर हस्तांतरण 5 वर्षांचंच धरतात. म्हणजे 1979 लाच विषय संपला. वारसांनी सक्सेशन सर्टिफिकेट घ्यावं आणि कामाला लागावं.

शिवाजीनगर_कोर्ट
वरच्या दोन्ही गोष्टी दुरुस्त करतो, कारण याच चुकांवर पुढे वर्षं जातात. 5 वर्षांचा नियम 1994 च्या दुरुस्तीने आला आणि तिच्या आधीच्या करारांना तो लागू नाही, हे कलम 19(7) मध्ये स्पष्ट लिहिलंय. 1974 चा कागद त्याच्या स्वतःच्या शब्दांवर वाचावा लागेल. हक्क 'विकले' आहेत की चित्रपट 'प्रदर्शनासाठी दिला' आहे? मोबदला एकरकमी आउटराइट, मिनिमम गॅरंटी (किमान ठरलेली रक्कम), की नुसतं कमिशन? कमिशनवरचा करार असेल तर मालकी निर्मात्याकडेच राहिली, हे मांडायला जागा आहे. मूळ प्रत मागा, झेरॉक्सवर बोलू नका.

सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं. इथे 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला दिवाणी न्यायालयातून घ्या. तोही फक्त वारस कोण ते सांगतो, मालकी ठरवत नाही. हक्क फर्मचे असतील तर पुण्याच्या घरातल्या सगळ्या सह्या मिळूनही काम अर्धंच. कोल्हापूरकरांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागणारच. भागीदारीपत्र शोधा, भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील असं त्यात नसेल तर ती तेव्हाच विसर्जित झाली आणि हिशेब दोन्ही घरांत व्हायला हवा.

लॅबबद्दल: करार कायद्याचं कलम 170 मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च केलेल्याला त्या कामाच्या पैशांपुरता माल अडवू देतं. नुसतं कपाटात ठेवणं म्हणजे कौशल्य, हे पटवणं लॅबला जड जाईल. सरसकट धारणाधिकार (कुठल्याही थकबाकीसाठी माल अडवून ठेवायचा हक्क) कलम 171 प्रमाणे बँका, अडते अशा ठरावीक धंद्यांनाच आहे, बाकीच्यांना तो स्पष्ट करारानेच मिळतो. म्हणून जुन्या बिलांची मागची बाजू वाचा, अटी तिथेच बारीक अक्षरात छापलेल्या असतात.

आणि तारीख बघा. 1968 च्या चित्रपटाचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2028 ला संपतो. कथा आणि गीतं यांचे हक्क वेगळे, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. दावा निकाली निघेपर्यंत ज्यासाठी भांडताय ते उरणारच नाही अशी दाट शक्यता आहे. त्यानंतर किंमत राहील ती चांगल्या निगेटिव्हची.

ग्रेन_आणि_गेट
म्हणूनच हक्कांचा करार आणि जतनाचा करार वेगळे करा. ॲसिटेट फिल्म (तुमची निगेटिव्ह ज्या प्लास्टिकवर आहे ती) कोर्टाच्या तारखा पाळत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर विघटन सुरू झालंय, आणि त्यातून सुटणारं ॲसिडच त्याचा वेग वाढवतं. प्रत्येक डब्यात एक ए-डी पट्टी (ॲसिड लागलं की रंग बदलणारी कागदी पट्टी) टाका, खोलीच्या तापमानाला 24 तास. निळी राहिली तर ठीक. हिरवट झाली तर तो डबा रांगेत पुढे. पिवळी पडली तर ताबडतोब स्कॅन. अठ्ठावीसही डबे तपासा, शेजारचे दोन डबे सारखे नसतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, वाफ आत कोंडते.

आक्रसणं मोजायला नव्या निगेटिव्ह फिल्मच्या 100 फ्रेम टेबलावर पसरा, शेजारी जुन्याच्या 100. शेवटी एक अख्खी फ्रेम, म्हणजे 19 मिमी, कमी भरली तर 1 टक्का आक्रसली. अशी फिल्म दात्यांच्या यंत्रावर (कडेच्या भोकांत दाते अडकवून फिल्म ओढणाऱ्या) चढवली की भोकं फाटतात. दात्यांशिवाय चालणारा स्कॅनरच लागेल. प्रोजेक्टरवर 'एकदा बघू' हे तर मुळीच नको. सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रवाचे) जोड आधी हाताने तपासा, सुटलेला जोड स्कॅनरमध्ये उघडला तर फ्रेम जातात.

4के, 10 बिट स्कॅनची एक फ्रेम साधारण 51 एमबी. 135 मिनिटांच्या 1,94,400 फ्रेम, म्हणजे जवळपास 10 टीबी. एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय टेप) दोन प्रती करा आणि दोन्ही घरांकडे एकेक ठेवा. भांडण निम्मं तिथेच निवतं, कारण मग कुणी कुणाला 'माल अडवीन' म्हणू शकत नाही.

कर्वेरोडकर
मनापासून आभार. लॅबला आणि वितरकाच्या वारसांना नेमकं काय लिहायचं? आणि डबे ठेवायचे कुठे?

शिवाजीनगर_कोर्ट
एकच पत्र, सगळ्यांच्या सह्यांचं: 'कोणाच्याही हक्कांना वा दाव्यांना बाध न येता' डबे चित्रपट संग्रहालयात संयुक्त नावाने ठेवायचे, स्कॅन करायचा, सगळ्यांची लेखी संमती असल्याशिवाय प्रदर्शन नाही. लॅबची वादातली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची तयारी दाखवा. पैसे बुडणार नाहीत हे दिसलं की डबे सुटायची शक्यता वाढते. पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. जतनासाठी डबे देणं म्हणजे कॉपीराइट देणं नव्हे, हे ठेवपत्रात लिहून घ्या. ओटीटीशी सही करण्याआधी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या, एक कोल्हापुरात वाचलं जाणारं असू द्या.

ग्रेन_आणि_गेट
ओटीटीच्या करारात हे घाला: चित्र मूळ 1.37:1 (रुंदी:उंची) आकारात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. 16:9 मध्ये कापलं तर वरून-खालून मिळून जवळजवळ चौथा हिस्सा जातो. उभ्या माणसाचं कपाळ जातं किंवा हातातलं पत्र तरी. ग्रेन (चित्रात दिसणारे फिल्मचे बारीक कण) पुसू नये, पुसला की चेहरे मेणाचे दिसतात. रंग चढवायचा नाही, शेवट किंवा गाणी बदलायची नाहीत. कच्चा स्कॅन, दुरुस्त केलेल्या फाइली आणि आवाजाची मूळ फाइल तुमच्याकडे परत यायला हवी. हक्क द्यायचेच तर ठरावीक वर्षांपुरते आणि फक्त स्ट्रीमिंगचे. आवाज वेगळ्या निगेटिव्हवर आहे. जुळवताना 20 फ्रेमचा फरक राहिला तर ओठ आणि शब्द पाऊण सेकंदाहून जास्त चुकतात. तेव्हा पहिल्या रिळाचं जुळवणं स्वतः बघून मगच पुढच्या तेरांना हो म्हणा.