टचपॅड दाबला जात नाही: दोष टचपॅडचा की बॅटरीचा?

प्रश्न:
माझा लॅपटॉप चार वर्षांचा असून तो दिवसभर चार्जरला जोडलेलाच असतो. महिनाभरापासून टचपॅडचे डावे बटण दाबले जात नाही आणि आता झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला फट राहते. दुरुस्तीच्या दुकानात टचपॅड बदलण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च करावा का?

पहिले उत्तर:
तूर्त करू नये. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली बसवलेली असते. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते आणि बटणाला दबायला जागाच उरत नाही. झाकणाची फट मला त्याचीच खूण वाटते. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल किंवा तळाचे आवरण फुगीर दिसत असेल, तर चार्जर काढा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करू नका. लिथियम-आयन बॅटरीतील इलेक्ट्रोलाइटचे (विद्युतभार वाहून नेणाऱ्या द्रावणाचे) विघटन होऊन वायू तयार होतो व तो बंद आवरणात साठत जातो. सतत १०० टक्के चार्ज आणि जोडीला उष्णता असेल, तर ही क्रिया वेगाने होते. बॅटरी टोचू नका, दाबून सपाटही करू नका. त्याने आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते.

दुसरे उत्तर:
निदान पटते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टवर मात्र विसंबू नका. त्यात मूळ आणि सध्याची क्षमता कळते, फुगवटा कळत नाही. माझ्याकडे क्षमतेचे आकडे उत्तम असतानाही बॅटरी फुगलेली निघाली होती. बॅटरी स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेली असेल, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा प्रयत्न न करता ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. दुसऱ्या तंत्रज्ञाकडून लॅपटॉप उघडून घेतला, तेव्हा तीनपैकी दोन सेल उशीसारखे फुगलेले होते. बॅटरी काढताच टचपॅड पूर्ववत चालू लागला. जुन्या बॅटरीचे काय करावे?

पहिले उत्तर:
ती घंटागाडीत मुळीच टाकू नका, कारण कचरा दाबला जाताना ती पेटू शकते आणि तो धोका सफाई कामगारांच्या वाट्याला येतो. कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावून ती कोरड्या वाळूच्या बादलीत, उन्हापासून आणि कागद-कापडापासून दूर ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. नवी बॅटरी बसवल्यावर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवण्याची सोय आपल्या लॅपटॉपमध्ये असल्यास ती सुरू करा.