साक्षीदार फितूर होतो, डीएनए होत नाही. पटतं का?

द्राक्षवाला पिंपळगाव: १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी जायचं, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. पण राज्यांना तयारीला पाच वर्षांची सवड! कशाला? आपल्याकडे नाशकात दिंडोरी रोडला फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहेच की. पंचनाम्याचे पंच फिरतात, साक्षीदार पैसे खातात. सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट आला की विषय संपायला हवा.

काळा कोट, नाशिकरोड: संपत नाही हो. डीएनए फितूर होत नाही, पण कुजतो. एका खटल्यात (ठाणं सांगत नाही) मुद्देमालाचं पाकीट कोर्टात फोडलं तर आत प्लास्टिकची पिशवी. रक्ताचा शर्ट ओलाच कोंबलेला, बुरशी धरून काळानिळा. रिपोर्ट काय, तर 'निष्कर्ष काढता येत नाही'. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचं, इतकं सोपं काम!

द्राक्षवाला पिंपळगाव: ही चूक माणसाची, शास्त्राची नव्हे. इंग्लंडात लेस्टरशायरला १९८६ साली एका पोरानं खुनाची कबुली दिली होती. डीएनएनं तो सुटला आणि पुढच्या वर्षी खरा खुनी सापडला. कबुलीवरच थांबले असते तर?

काळा कोट, नाशिकरोड: आणि दिल्लीचं बलात्कार-खुनाचं छावला प्रकरण? खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात फाशी झालेली, डीएनएही जुळलेला. तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिघांना सोडलं. नमुने दहा-अकरा दिवस मालखान्यात (पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत) पडून होते, हे त्यातलं एक कारण. २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं ४८ तासांत नमुने प्रयोगशाळेत पोचवा म्हणून सांगितलं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

निवृत्त, रसायनं हुंगून नाक गेलेला: दोघांनाही थोडं थांबवतो. ल्युमिनॉल फवारलं की रक्त चमकतं, पण फरशी ब्लीचनं पुसलेली असेल तर तीही चमकते. म्हणून ती नुसती चाहूल. रक्त आहे का, माणसाचं आहे का, हे पुढं वेगळं तपासावं लागतं. जर्मनीत तर चाळीसेक गुन्ह्यांत एकाच बाईचा डीएनए मिळत होता. २००९ मध्ये उलगडलं, की नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्याच कारखान्यात दूषित झालेल्या!

आणि पिंपळगावकर, तुमच्या भागातलंच सांगतो. फवारणीचं औषध पोटात गेलं की व्हिसेरा (मृताच्या पोटातले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो. सोबत त्याच द्रावणाची एक कोरी बाटली लागते, म्हणजे विष द्रावणातलं नाही हे दाखवता येतं. ती बाटली पाठवायचीच राहून जाते. मग आम्ही प्रयोगशाळेतल्यांनी काय, रिपोर्ट मनानं लिहायचा?

द्राक्षवाला पिंपळगाव: बरं, मालखान्याला फ्रीज घेऊन देऊ? वर्गणी काढतो.

काळा कोट, नाशिकरोड: यंदाच्या द्राक्षांच्या भावात?

निवृत्त, रसायनं हुंगून नाक गेलेला: वाळलेल्या डागाला फ्रीज नको, कोरडी जागा पुरते. नळीतल्या रक्ताला मात्र हवाच.