लाल पाणी आणि काकींची गोधडी

उल्हास ए-२०४: सगळ्यांना नमस्कार. सकाळपासून वरून लाल पाणी गळतंय. आमच्या बाल्कनीत दोन पांढऱ्या चादरी वाळत होत्या त्या आता गुलाबी झाल्यात. कुणाच्या घरून येतंय ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही

रोहन सी-४०१: नाव नको, फ्लॅट नंबर सांगा 😂

मंदाकिनी काकी ए-३०४: उल्हास नाव घे की. मीच. कापड भिजत घातलेलं, बादली कलंडली. लताला सकाळीच सॉरी म्हटलंय, ती चहा पण घेऊन गेली माझ्याकडे

उल्हास ए-२०४: चहाचा आणि चादरींचा काय संबंध काकी

प्रभाकर काका ए-१०१: टेरेसची चावी कोणाकडे आहे?? पावसात वाळत घालायला म्हणूनच सगळ्यांनी पैसे काढून पत्र्याची शेड घातली ना

शुभदाताई बी-१०२: मंदाकिनी किती वेळा सांगितलं, लाल आणि निळं कापड वेगळं भिजव. मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघ, रुमालाला रंग लागला तर ते गोधडीत घालायचंच नाही. बाळाची गोधडी दर दोन दिवसांनी धुवावी लागणार, मग सगळंच लाल

मंदाकिनी काकी ए-३०४: मूठभर मीठ घातलं होतं गो पाण्यात

शुभदाताई बी-१०२: मिठाने काही होत नाही. कापड रंगवताना मीठ घालतात ती गोष्ट वेगळी, रंगवून दुकानात आलेल्या कापडाचा रंग घरी मीठ टाकून पक्का होत नसतो. व्हिनेगरने पण नाही. रंग जायचा थांबेपर्यंत धू नाहीतर त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिव

रोहन सी-४०१: मीठ फक्त सुंगटांना 🦐

लता ए-२०४: रोहन आज श्रावणी सोमवार आहे

उल्हास ए-२०४: विषय बदलू नका. चादरी

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, बाल्कनीतून पाणी खाली सोडू नये, हे एजीएममध्ये ठरलेले आहे. काकींचा छंद चांगला आहे, सर्वांनी सांभाळून घ्यावे 🙏

मंदाकिनी काकी ए-३०४: छंद नव्हे हो, वास्कोच्या लेकीला आठवा लागलाय आणि चवथीच्या आधी माझी गोधडी पुरी व्हायला पाहिजे, मग घरात माणसं आली की कुठली सुई आणि कुठलं काय. त्यात चौकोन जुळत नाहीत, एक ओळ बरोबर येते आणि खालची बोटभर बाहेर

शुभदाताई बी-१०२: शिवण पाव इंच आणि सगळीकडे तेवढीच, हे सांगून माझं तोंड दुखलं. एका शिवणीत दोन धाग्यांचा फरक पडला तरी आठ चौकोन जोडेपर्यंत तो बोटभर होतो. आणि थर एकावर एक ठेवलेस की आधी मधून कडेकडे कच्चा दोरा घालून घे, नाहीतर धावदोरा घालताना खालचा थर सरकतो आणि पाठीमागे चुण्या पडतात. पहिल्यांदा ३६ बाय ३६ इंचाची पुरे होती, हिने जावयासाठी डबलबेडची काढली

प्रभाकर काका ए-१०१: टेरेसची चावी????

सविता सी-२०३: काकी माझं माहेर कर्नाटकातल्या हल्याळचं. तिकडच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी करतात त्यात चौकोन आधी जोडतच नाहीत. कडेपासून सुरू करायचं, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाके घालायचे आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचं. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी लावतात, तिला फुला म्हणतात. लहानमोठे तुकडे चालतात त्यामुळे मापाची कटकट नाही

रोहन सी-४०१: सिद्दी म्हणजे पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेले तेच ना

सविता सी-२०३: हो त्यांचेच वंशज. बरेचजण इथून पळून तिकडच्या रानात गेले

शुभदाताई बी-१०२: मापाची कटकट नाही पण टाका सरळ लागतो. मंदाकिनीचा टाका बघितलाय का कुणी

डॉ. नेहा बी-३०३: काकी रागावू नका पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपताना सैल गोधडी घालू नये. तोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. जागं असताना जमिनीवर घाला, पोटावर खेळेल, फक्त कुणीतरी जवळ बसा

शुभदाताई बी-१०२: आमची पोरं गोधडीतच वाढली

डॉ. नेहा बी-३०३: वाढली ते बरंच झालं ताई. सल्ला तोच 🙂

मंदाकिनी काकी ए-३०४: देव बरें करूं नेहा, लेकीला सांगते. आता विषय निघालाय म्हणून विचारते, संक्रांतीला मी उल्हासला दिलेली छोटी गोधडी त्याच्या स्कूटरच्या सीटवर का असते?

रोहन सी-४०१: 🍿

उल्हास ए-२०४: पावसात सीट भिजते काकी

लता ए-२०४: मी यांना तेव्हाच सांगितलेलं

शुभदाताई बी-१०२: अंगावर घेण्यासारखी नव्हतीच ती. वर पॉलिस्टर, आत कोरं सुती कापड न धुता घातलेलं. पहिल्या धुण्यात आतलं आटलं, वरचं तेवढंच राहिलं, मग सगळीकडे फुगे. नवीन सुती कापड धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही हे पहिल्या दिवशी सांगितलेलं

मंदाकिनी काकी ए-३०४: फुगे असोत नाहीतर आणि काही, वरचा तुकडा माझ्या सासूच्या साडीचा होता. दुसऱ्या कुणाला दिला नव्हता मी

उल्हास ए-२०४: हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काढतो आज. पण मग माझ्या चादरींचं काय

प्रभाकर काका ए-१०१: चावी असती तर ही वेळच आली नसती. कोणाकडे आहे??

सेक्रेटरी: काका चावी तुमच्याकडेच आहे, गेल्या रविवारी टाकी बघायला नेलीत

रोहन सी-४०१: कितें मरे काका 😂😂

मंदाकिनी काकी ए-३०४: उल्हास त्या चादरी वर पाठव, अस्तराला होतील. दोन नवीन पांढऱ्या संध्याकाळी आणून देते

शुभदाताई बी-१०२: आधी धू त्या. तो गुलाबी पण सुटणार

लता ए-२०४: काकी एकच पाठवते. दुसरी मला आवडली, राहू दे

उल्हास ए-२०४: लता??