जुना बेस घ्यायला निघालात तेव्हा काय काय झालं? (अनुभव लिहा)

वैनगंगाकाठ

परवा लाखांदूरकडच्या एका गावी मंडईला (आमच्याकडची जत्रा) गेलो होतो. रात्री नाटक. पहिलं गाणं सुरू झालं आणि छातीत काहीतरी घुमलं म्हणून मान वर केली, तर वादकांमध्ये एक पोरगा बेस गिटार घेऊन बसलेला! आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) खालचे सूर आता बहुतेक ठिकाणी कीबोर्डवाल्याचा डावा हातच सांभाळतो. त्यामुळं मी नाटक सोडून त्या पोराची बोटं बघत राहिलो. मध्यंतरात गाठून विचारलं. म्हणाला, "सेकंडहँड आहे जी, रायपूरहून आणली."

आणि मला माझी शोधाशोध आठवली. बारावी झाली होती, धान विकून झालं होतं आणि बाबांनी पाच हजार दिले होते. "याच्यावर एक रुपया मागू नको" असं बजावून. नागपूरला सीताबर्डीवर फिरलो. नव्याची किंमत ऐकली की पुढच्या दुकानात, असं करत संध्याकाळ झाली. शेवटी गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेल्या काकांचा पत्ता मिळाला. त्यांच्याकडं दोन बेस होते. एक चकाचक लाल, एक रंग उडालेला काळा. मी लालवर हात ठेवला. काका म्हणाले, "आधी मान बघ."

त्यांनी जे दाखवलं ते आजही कुणी विचारलं तर मी तसंच दाखवतो. गिटार बंदुकीसारखी डोळ्यापुढं धरायची आणि बुडाकडून मानेच्या कडेनं नजर टाकायची. मान थोडी पुढं वाकलेली असेल तर घाबरायचं नाही, आतल्या लोखंडी सळईनं, म्हणजे ट्रस रॉडनं, ती सरळ करता येते. पण पिळलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवायची. मग तार मानेवरच्या पहिल्या पट्टीवर (आडव्या धातूच्या फ्रेटवर) आणि शेवटच्या पट्टीवर एकदम दाबायची आणि मधे सातव्या-आठव्या पट्टीपाशी बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. लालची मान पिळलेली होती. काळी घेऊन आलो. गावात लोक म्हणाले, भंगार आणलं. त्याच भंगारावर मी पुढं दोन सीझन वाजवलं.

तुमचे अनुभव लिहा. बेसच पाहिजे असं नाही, पण जुनं वाद्य आणि कमी पैसे एवढं असू द्या.

बोंडं_वेचून_आले

आमच्याकडं भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रासाठी घेतला होता बेस. पैसे मंडळाचे, वर्गणीतून जमलेले, म्हणून पाच जण बघायला गेले आणि पाचही जणांनी वाजवून बघितला. वाजवता एकालाच येत होता 😄 पण त्याचं ऐकलं ते बरं झालं. तो म्हणाला प्रत्येक तारेवर प्रत्येक पट्टी दाबून बघू द्या मले, अर्धा तास लागला तरी चालन. विकणारा कंटाळला. तिसऱ्या तारेवर नवव्या पट्टीच्या पुढं तार खरखरत होती. तेवढ्यावर आठशे रुपये कमी झाले.

संत्राबर्फी

वाचतेय. भाजी फोडणीला टाकलीय, नंतर सविस्तर लिहिते. लहान भावाच्या गिटारीची गोष्ट आहे माझ्याकडं.

पांदणरस्ता

एक अडाणी प्रश्न. बेस आणि साधी गिटार यात फरक काय, फक्त तारा कमी?

जुना_सोलर

@पांदणरस्ता तारा चार, जाड, आणि सूर साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणून मोबाइलवर गाणं ऐकताना बेस कळतच नाही, तेवढा खालचा सूर त्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही. सभामंडपात मोठे बॉक्स लागले की मग कळतो. आधी माणसाएवढा उभा डबल बेस असायचा, त्याला पट्ट्या नसतात, सूर अंदाजानं धरायचा. १९५१ मध्ये लिओ फेंडरनं पट्ट्या लावलेला प्रिसिजन बेस बाजारात आणला. नेमक्या जागी बोट पडतं म्हणून प्रिसिजन.

आता माझा मुद्दा. मान सगळे बघतात, वायरिंग कुणी बघत नाही. ॲम्पला (आवाज मोठा करणाऱ्या बॉक्सला) जोडून आवाजाची बटणं पूर्ण फिरवून बघा. खरखर आली तर बहुतेक वेळा धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. केबल हलवल्यावर आवाज जातो-येतो, तर जॅक सैल आहे किंवा आतल्या वायरचा डाग (सोल्डर) सुटलाय. रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही थोड्या पैशांत डाग लावून देतो. हे दोन्ही दोष दाखवून भाव पाडता येतो आणि खर्च फारसा नसतो. मागं नऊ व्होल्टच्या बॅटरीचा खण दिसला, तर आपली बॅटरी सोबत न्या. त्यातली उतरलेली असली की बेस बिघडलाय असं वाटतं. आणि घरी वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, जोडलेली राहिली तर बॅटरी संपत राहते.

मोहफूल

सोलर भाऊ अर्थिंगचं पण सांगा ना. आमच्या गावात लग्नात पोट्ट्याले झटका बसला होता. तारेला हात आणि माइकला ओठ. थोडक्यात वाचला.

जुना_सोलर

बरोबर, हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. बेसच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात आकडा टाकून वीज घेतलेली असेल किंवा तिसरी पिन तोडलेली असेल, तर तो झटका वाजवणाऱ्याला बसतो. कार्यक्रमाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर वाजवू नका. कुणी काहीही म्हणो.

धानपऱ्हा

माझं वेगळंच. मले पाहिजे होता बेस, घरात आली हार्मोनियम. आजोबा भजनी मंडळातले, खंजेरीवर हात बसलेला माणूस. म्हणाले पेटी घे, गावाच्या कामी येईन. जुनी पेटी घेतली ब्रह्मपुरीहून. भाता फाटलेला निघाला, कातडं लावून घेतलं. आता रोज सामुदायिक प्रार्थनेले वाजवतो. बेस अजून राहिलाच आहे. म्हणून धागा वाचून राहिलो.

बोंडं_वेचून_आले

@धानपऱ्हा पेटीचा भाता कुठून करून घेतला जी? आमच्या देवळातली पेटी पण धापा टाकून राहिली.

धानपऱ्हा

नागभीडले एक म्हातारे बाबा करत होते. आता नाहीत. त्यांचा नातू मोबाइल दुरुस्त करतो.

एसटीची_खिडकी

नागभीड म्हटलं की मला छोटी गाडी आठवते. नागपूर-नागभीड. २०१९ ला बंद झाली, मोठ्या रुळासाठी. त्याच गाडीनं मी माझा ॲम्प आणला होता, मांडीवर घेऊन, कारण खाली कोंबड्यांची टोपली होती. भिवापूरला उतरलेल्या एका काकूंनी मिरच्या दिल्या मूठभर. काय दिवस होते.

बरं, बेसबद्दल. साध्या गिटारीच्या ॲम्पला बेस जोडून जोरात वाजवू नका, स्पीकरचा कागद फाटतो. हळू आवाजात सरावाला चालतं. माझं बजेट बेसमध्येच संपलं म्हणून सुरुवातीला घरच्या जुन्या होम थिएटरच्या बॉक्सवर वाजवायचो, आवाज अर्ध्याच्या खाली ठेवून. घरच्यांनी काढलेले उद्गार इथं लिहीत नाही.

संत्राबर्फी

आले. भावाची गोष्ट. आम्ही वरूडकडचे, संत्र्याचा आंबिया बहार गळाला त्या वर्षी त्याला बेस हवा होता. आईनं स्पष्ट नाही म्हटलं. मग त्यानं जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर फोटो बघून सौदा केला, समोरचा म्हणाला आधी पैसे पाठवा, कुरियर करतो. मी म्हटलं गाडीभाडं मी देते पण समोर जाऊन बघून घे. गेला अमरावतीला. तिथं दिलेल्या पत्त्यावर कपड्याचं दुकान! तसला माणूसच नाही तिथं. फोन बंद.

पण त्याच दुकानदारानं विचारलं कशाला आलास बाळा, आणि त्याच्या मेहुण्याकडं चर्चमध्ये वाजवायचा जुना बेस होता, त्यांनी नवा घेतला होता म्हणून पडून. साडेचार हजारात मिळाला, पिशवी आणि पट्ट्यासकट. ते म्हणाले रविवारी ये, दोन गाणी शिकवतो. भाऊ वर्षभर जात होता. आता तो पुण्यात आहे, बेस घरी आहे, मी कधी कधी पुसते.

मोहफूल

वाह ताई. दुकानदार भला माणूस.

तूरडाळ

माझे हात लहान आहेत, मुलगी आहे म्हणून दुकानात सरळ सांगितलं "तुम्हाला नाही जमणार". फार राग आला होता. कुणी सांगितलंच नाही की शॉर्ट स्केल नावाचा प्रकार असतो. नेहमीच्या बेसची तार खुंटीकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत (तारा टेकतात तो बुडाकडचा तुकडा) ३४ इंच, शॉर्ट स्केलची ३० इंच. पट्ट्या जवळ जवळ येतात, बोटं पोचतात. जुन्यात कमी मिळतो पण मिळतो. मी दारव्ह्याला राहून यवतमाळच्या एका शाळेच्या जुन्या बँडचा घेतला, शाळेनं सामान काढलं तेव्हा. ज्या मुलींना कुणी असं सांगितलं असेल त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.

वैनगंगाकाठ

@तूरडाळ फार महत्त्वाचं लिहिलंत. शाळा आणि चर्च, दोन्हीकडं पडून असलेले बेस असतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

एसटीची_खिडकी

बँडवाल्यांकडंही विचारा. आता बरेच जण धुमाळवाले (तालवाद्यांचा ताफा) झालेत, जुनी वाद्यं माळ्यावर पडलीत. लग्नसराई संपली की, म्हणजे जूनमध्ये, भाव उतरतो. पेरणीला पैसा लागतो त्यांनाही. पण घासाघीस करताना थोडं मनानं करा, त्याचं पोट होतं ते.

पांदणरस्ता

तारा नव्या घ्याव्या लागतात का जुन्या बेसला? सेट महाग दिसतोय.

जुना_सोलर

बेसच्या तारा वर्षानुवर्षं टिकतात. आवाज मंद झाला तर तारा काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाका, मळ निघतो, पुसून पूर्ण वाळवून लावा. काही आठवडे चमक परत येते. पण चारही तारा एकदम काढून मान दिवसेंदिवस मोकळी ठेवू नका. चार तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, मान त्या ताणाला सरावलेली असते.

आणि विदर्भात राहणाऱ्यांसाठी: मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगू नका. पंचेचाळीसच्या उन्हात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, मान दोन्ही वेळा हलते. आतल्या भिंतीला, पिशवीत ठेवा. ट्रस रॉड फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा, मग एक रात्र थांबा. अडला तर जोर करू नका.

धानपऱ्हा

मले एक जण पवनीले दाखवून राहिला, सहा हजार म्हणते. काळा, चार तारा, मानेवर डोक्यापाशी बारीक रेघ आहे. घेऊ का?

वैनगंगाकाठ

रेघ रंगाची आहे की लाकडाची? नखानं बघा. नख अडलं आणि तारा ताणल्यावर रेघ रुंद झाली तर लाकूड तडकलंय, घेऊ नका. बाराव्या पट्टीवर नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि तीच पट्टी दाबून येणारा सूर मोबाइलच्या ट्यूनरवर जुळतो का तेही बघा. थोडा फरक घोडीवरच्या स्क्रूनं निघतो.

धानपऱ्हा

नख नाही लावलं. फोटोवरच पाहिलं.

वैनगंगाकाठ

मग थांबा, पैसे पाठवू नका. मी शनिवारी पवनीलाच येतोय, बहिणीकडं. सोबत जाऊ.

जुना_सोलर

नऊ व्होल्टची बॅटरी न्या सोबत. आणि क्लीनर.

बोंडं_वेचून_आले

आणि पेटीच्या भात्याचं कुणाला माहीत असन तर सांगा, देवळातली पेटी खरंच बसली आहे.